जंतवाल्या बाई आणि आक्कांची तुळस

मला बघायला आलेल्या पहिल्या मुलाच्या आईने कांदेपोह्यांची बशी हातात धरून विचारलं होतं, "नोकरीत नेमकं काय करतेस गं?" मी तेव्हा नुकतीच कॉलेजात लागले होते आणि खरं बोलण्याची हौस दांडगी होती. मी म्हटलं, "जंत पाळते." बशी खाली ठेवली गेली. माझ्या आईने घाईघाईने "झाडांचे हो, झाडांचे!" अशी पुस्ती जोडली, पण तोवर त्या बाईंची पोह्यांवरची वासना उडाली होती. ते स्थळ परत आलं नाही. पुढे आणखी काही आली आणि गेली, आणि मी लालबागच्या चाळीत वडिलांच्या खोलीतच राहिले. जंतांनी मात्र मला निवृत्तीपर्यंत साथ दिली.

परळच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवत असे आणि उरलेल्या वेळात, म्हणजे खरं तर मुख्य वेळात, मुळांना गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींवर काम करत असे. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे मला 'जंतवाल्या बाई' म्हणत. प्राचार्य तोंडावर 'मॅडम' म्हणत, एवढाच फरक. गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली माझ्या टोमॅटोच्या कुंड्या होत्या. रोप उपटल्यावर मूळ आल्याच्या गड्ड्यासारखं गाठीगाठींचं, वेडंवाकडं निघालं की माझा दिवस चांगला जाई. मूळ पांढरंशुभ्र, सरळसोट निघालं की माझं तोंड उतरे. अशा बाईला फार मैत्रिणी नसतात.

एकदा दिवाळीच्या सुट्टीत नव्याने लागलेल्या एका शिपायाला माझ्या मरतुकड्या झाडांची दया आली. त्याने सगळ्या कुंड्या रिकाम्या केल्या, नवी माती भरली आणि छान शेवंती लावली. मी सुट्टीवरून आले तेव्हा तो शाबासकीची वाट बघत दारात उभा होता. माझे सगळे जंत जुन्या मातीबरोबर गेले होते. पुन्हा जंत जमवण्यासाठी मी दादरच्या एका जुन्या बंगल्यात गेले आणि तिथल्या वांग्याची रोगट मुळं मागितली. मालकीणबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "चांगली रोपं मागायला लोक येतात हो," त्या म्हणाल्या, "रोगट मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच." शेवटी मुळं दिली, पण चहा विचारला नाही.

सल्ला विचारणारी गिऱ्हाइकंही एकेक नग. लोअर परळच्या टॉवरमधल्या एका बाईंनी आपल्या कुत्र्याच्या जंताच्या गोळ्या कुटून मोगऱ्याच्या कुंडीत घातल्या होत्या आणि मोगरा 'रिस्पॉन्स देत नाही' म्हणून मला फोन केला होता. आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "हे माणसाला होतात का?" होत नाहीत. हे मी इतक्या वेळा सांगितलंय, की माझ्या निरोप समारंभात आभाराच्या भाषणात तेच वाक्य सगळ्यांत आधी तोंडातून निघालं.

आता हे प्रकरण काय आहे ते थोडक्यात सांगते. कंटाळा आला तर पुढचे दोन परिच्छेद सोडा, माझे विद्यार्थी सोडायचेच.

शाळा-कॉलेजात तुम्ही कांद्याचं मूळ रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं असेल. मुळाच्या टोकाशी पेशी सारख्या दुभंगत असतात. आधी आतलं केंद्रक दुभंगतं, मग मध्ये भिंत पडते, एकाच्या दोन पेशी होतात. आमच्या चाळीत दोन भावांचं लग्न झालं की खोलीत प्लायवूडचं पार्टिशन पडायचं आणि चुली दोन व्हायच्या, तसंच. हा जंत डोळ्याला दिसत नाही इतका बारीक. तो मुळात शिरतो, आतल्या काही पेशी निवडतो आणि त्यांच्यात काहीतरी सोडतो. मग त्या पेशींचं तंत्र बिघडतं. केंद्रक दुभंगतं, पुन्हा दुभंगतं, पुन्हा दुभंगतं, पण भिंत काही पुरी होत नाही. म्हणजे एकाच खोलीत चुली वाढत जातात, पार्टिशन पडत नाही, आणि सगळ्या चुलींवरचा स्वयंपाक जातो एका न बोलावलेल्या पाहुण्याच्या ताटात. पेशी फुगून प्रचंड होते. आजूबाजूच्या पेशीही वाढतात, दुभंगतात आणि बाहेरून आपल्याला दिसते ती गाठ. पाहुणी, कारण खादाड ती मादीच, खाऊन खाऊन इतकी सुटते की तिला जागचं हलता येत नाही. मरेपर्यंत तिथेच बसून खाते आणि अंडी घालते.

जेवण कमी पडलं तर यांच्यात एक गंमत होते. उपासमार झाली की पिल्लांतून माद्या कमी आणि नर जास्त तयार होतात, आणि ते नर काही न खाता मूळ सोडून निघून जातात. हे मी वर्गात नुसतं सांगत असे, त्यावर भाष्य करत नसे. मागच्या बाकावरच्या मुली मात्र दरवर्षी हसत.

तर यावरून माझ्या डोक्यात तरुणपणी एक थोर कल्पना आली. पाहुणीचं सगळं पेशी दुभंगण्यावर चाललंय ना? मग दुभंगणंच थांबवलं तर? चूलच पेटली नाही तर ती खाणार काय? पेशींचं विभाजन थांबवणारी रसायनं प्रयोगशाळेत असतातच. मी ती मोजून मापून टोमॅटोच्या मुळांना दिली, मुळं कापली, रंगवली आणि बघितलं. पेशी मोठ्या झाल्या नव्हत्या. जंत खंगले होते. मी प्रयोगशाळेत एकटीच टाळ्या वाजवल्या. मग कुंड्या बघायला गच्चीवर गेले. टोमॅटोही खंगले होते. मूळ वाढायचं तर त्यालाही त्याच विभाजनाची गरज. दोघांची चूल एक. मी जंताची विझवायला गेले आणि झाडाची विझवून आले.

या शोधावर मी नोकरीची उरलेली वर्षं घालवली. कमी डोस, जास्त डोस, वेगळी वेळ, वेगळी जात. जगभर हुशार माणसं हाच प्रश्न अधिक नेमकेपणाने सोडवताहेत. झाडाच्या पेशीविभाजनाचे लगाम एकेक करून ढिले करून किंवा ओढून बघताहेत. लगाम ओढला तरी जंताचं बिनसतं आणि जास्त ढिला सोडला तरी बिनसतं, असं त्यांना दिसलंय. त्यांच्या कामात माझ्या कामाचा उल्लेख असतो. "हेही करून बघितलं आहे" अशा ठिकाणी असतो.

निवृत्तीच्या वर्षी आमच्या चाळीचा पुनर्विकास अखेर मार्गी लागला. मागच्याच गल्लीत टॉवर उभा राहिला होता, त्यात आम्हाला घरं मिळणार होती, आणि मग जुनी चाळ पाडायची होती. चाळ कमिटीचा सेक्रेटरी प्रकाश माझ्या धाकट्या भावाच्या वर्गातला. लोअर परळला एका मोठ्या ऑफिसात सिक्युरिटीचा सुपरवायझर आहे. गणपतीनंतर एका रविवारी तो माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"शुभाताई, एक लफडं झालंय. आक्का हलत नाय."

आक्का म्हणजे तळमजल्याच्या कोपऱ्यातल्या खोलीतल्या. मूळच्या मालवणकडच्या, माझ्या आईच्या मैत्रीण, नव्वदीच्या घरात. यजमान गिरणीत होते; ते जाऊन खूप वर्षं झाली. चौकातलं तुळशीवृंदावन यजमानांनी स्वतःच्या हाताने बांधलेलं, गिरणीतून टाकून दिलेल्या विटांचं. आक्का लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून त्यात रोज पाणी घालत आल्या होत्या. झाडं बदलली असतील, एकाच्या मंजिऱ्यांतून दुसरं उगवलं असेल, पण वृंदावन कधी रिकामं राहिलं नव्हतं.

"हलत नाहीत म्हणजे?"

"म्हणजे तुळस घेऊन जाऊ म्हणतात. आम्ही बोललो, नेऊ ना आक्का, काय प्रॉब्लेम नाय. आता तुळस सुकायला लागलीय. तर बोलतात, ही जगली तर मी येतंय, नायतर माका हयच सोडा. बिल्डरचा माणूस माझ्या डोक्यावर बसलाय. बाकी सगळी चाळ सामान बांधून तयार आहे. एक खोली रिकामी नाय झाली तरी चाळ रिकामी धरत नाय ते." मग त्याने आवाज खाली आणला. "ताई, एक्सपर्ट आपल्या चाळीत आणि आपण बाहेर कुणाला शोधायचं?"

एक्सपर्ट हा शब्द ऐकून माणूस कसा फुलतो ते मला त्या दिवशी कळलं. मी साडी बदलून, हातात चमचा घेऊन चौकात उतरले. आक्का दारातल्या खुर्चीवर बसल्या होत्या.

"शुभे, मान टाकल्यान गो तिने," त्या म्हणाल्या. "पाणी कमी नाय, ऊन कमी नाय. माका सांग, वाचतली काय नाय?"

मी वृंदावनाच्या कडेने चमच्याने माती उकरली. एक बारीक मूळ वर आलं. त्याच्यावर मण्यांसारख्या गाठी होत्या. मी आणखी उकरलं. गाठींवर गाठी होत्या, जुन्या, काळपट, कुजायला लागलेल्या. या वृंदावनाला वळसा घालून मी आयुष्यभर, हातात जंतांवरची पुस्तकं घेऊन, कॉलेजात जंत बघायला जात होते. त्याच जंतांसाठी दादरला जाऊन बोलणी खाल्ली होती. ते माझ्याच चौकात नांदत होते आणि मी कधी वाकून बघितलं नव्हतं.

"काय गो? बोल मा."

"आक्का, मुळात जंत आहेत."

"मगे जंताचा औषध घाल! तुका दुसरा काय येता?"

आक्कांनी माझ्या कारकिर्दीचं इतकं नेमकं वर्णन केल्यावर मला गप्प बसता येईना. पण औषध घालणं शक्य नव्हतं. बाजारात मिळतात ती विषं. चाळीतली पोरंबाळं त्या कट्ट्यावर खेळायची, आणि तुळशीचं पान रोज कुणा ना कुणाच्या नैवेद्यावर आणि मग पोटात जायचं. निंबोळी पेंड घातली असती, पण इतक्या पुढे गेलेल्या मुळाला ती कितीशी पुरणार? आणि माझी थोर कल्पना वापरली असती तर जंतांबरोबर तुळसही जागच्या जागी थिजली असती. थोडक्यात, जन्मभर एकाच रोगाचा अभ्यास केलेल्या बाईकडे त्या रोगाचा समोर आलेला पहिला घरचा रोगी होता आणि उपाय एकही नव्हता. हे मी आक्कांना सांगितलं नाही. "बघते," म्हणाले. डॉक्टर म्हणतात तसं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सोपा मार्ग सुचवला. जंत मुळात असतात, बियांत नसतात. मंजिऱ्यांचं बी घेऊ, नव्या मातीत पेरू, चार महिन्यांत नवी तुळस.

आक्कांनी मान हलवली. "ती चेडवां झाली तिची. माका ही व्हयी."

"आक्का, आधीची पण अशीच बियांतून आली असणार ना?"

"ती आपणहून रुजली. जुनी होती तेव्हा नवी तिच्या बाजूक उभी होती. मी कधी कोणाक टाकून दुसरी आणूक नाय. आता टाकू?"

यावर वाद घालता येत नव्हता. मुलगी म्हणजे आई नव्हे, हे तर शास्त्रालाही मान्य आहे. मग एकच मार्ग उरला. फांदीचा शेंडा कापायचा, तोच रुजवायचा. शेंड्याला मुळं नसतात, म्हणून जंत नसतात. कापलेल्या जागेजवळच्या पेशी पुन्हा दुभंगायला लागतात आणि त्यांतून नवीन मूळ फुटतं. बाहेरून काही येत नाही, ती तीच तुळस. पेशींची जी दुभंगण्याची खोड जंताच्या कामी येते तीच इथे आपल्या कामी येणार होती. हे मला फार सुंदर वाटलं आणि मी ते प्रकाशला मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तुळशीवृंदावनाचं पण रिडेव्हलपमेंट."

मी जोरात कामाला लागले. नोकरीतले शेवटचे महिने होते, प्रयोगशाळा अजून माझ्या ताब्यात होती. आजारी झाडावर धड शेंडे मोजकेच होते. ते मी कापले, बुडाला मूळ फुटण्याची पावडर लावली, भट्टीत भाजलेल्या वाळूत खोचले, वर काचेचे हंडे उपडे घातले. हवेतली आर्द्रता मोजायला यंत्र लावलं. आक्का रोज संध्याकाळी विचारत, "काय म्हणता ती?" मी सांगे, "आराम पडतोय." आठवडाभरात सगळे शेंडे बुडापासून काळे पडून कुजले. पावडर जास्त झाली होती, किंवा ओल, किंवा माझी हुशारी.

मी ते कुजके शेंडे बघत बसले आणि मला रडू आलं. माझं काम फुकट गेल्याचं मला कधी फार वाईट वाटलं नव्हतं, सवय होती. पण ही म्हातारी माझ्या शब्दावर बसून होती. ती त्या कोपऱ्यातल्या खोलीत एकटी राहणार, वीज-पाणी तोडलं तरी राहणार, हे मला तिच्या तोंडावरून दिसत होतं. आईच्या शेवटच्या आजारात तिनेच आईला भरवलं होतं, मी कॉलेजात जंत मोजत असताना. आता तिला काय सांगायचं, या विचाराने मी दोन दिवस मागच्या जिन्याने ये-जा केली.

तिसऱ्या दिवशी भांडी घासताना खिडकीतल्या स्टीलच्या पेल्याकडे लक्ष गेलं. शेंडे कापले तेव्हा एक फाटकी डहाळी उरली होती. प्रयोगात घेण्याच्या लायकीची नव्हती. टाकवेना, म्हणून पेल्यात पाणी घालून त्यात उभी केली होती आणि विसरले होते. पाणी बदललं नव्हतं. पावडर नव्हती, हंडा नव्हता, यंत्र नव्हतं. डहाळीच्या बुडाशी पाण्यात पांढरी मुळं लोंबत होती.

मी हात न पुसताच खाली पळाले. "आक्का, फुटली!"

"काय फुटला?" त्या घाबरून उठल्या. ओल्या हाताने पळत आलेली माणसं काचेचंच काहीतरी फोडून येतात.

त्यातल्या एका मुळाचं टोक मी कॉलेजात नेलं. कांद्याच्या मुळासारखंच रंगवलं, काचपट्टीवर दाबलं आणि बघितलं. पेशी दुभंगत होत्या. केंद्रक फाकत होतं, मध्ये नीट भिंत पडत होती, एकाच्या दोन होत होत्या. हे मी दरवर्षी पोरांना दाखवत आले. ते सरळ, निरोगी, कंटाळवाणं दृश्य होतं. जन्मभर मी मोडक्या भिंतींच्या शोधात असल्यामुळे धड भिंती नीट बघायच्या राहूनच गेल्या होत्या. त्या दिवशी तासभर बघितल्या.

इथवर सगळं गोड झालं आणि मग चाळकऱ्यांनी माती मागितली.

जुन्या वृंदावनातली मूठभर माती प्रत्येकाला नव्या घरच्या तुळशीत घालायला हवी होती. ठरावच झाला. मी सभेत उभी राहून सांगितलं, की त्या मातीत जंत आहेत, आणि टॉवरच्या प्रत्येक बाल्कनीत तुम्ही ते स्वतःच्या हाताने पेराल. मग मागून कुणीतरी विचारलं, "माणसाला होतात का?"

"माती गरम केली की मरतात," मी म्हणाले. "कॉलेजात त्याचं मशीन आहे. मी सगळी माती नेऊन करून आणते."

"त्या मशीनीत तू आणखी काय काय घालतंस?" आक्कांनी विचारलं.

मी खरं सांगितलं. तरुणपणापासूनची खोड गेली नव्हती. मशीन रद्द झालं.

मग प्रकाशने तोडगा काढला, की आपापल्या घरी कुकरात शिजवा. कुकरही चालतो, कुकरात जंतच काय, त्यांची अंडीही वाचत नाहीत. सगळ्यांना पटलं, फक्त आक्कांना नाही. "ज्या कुकरात मटाण शिजता त्यात तुळशीची माती?" त्या म्हणाल्या. "इतक्या शिकलंस ता ह्याच्यासाठी?"

आता आमच्या चाळीत मटण न शिजलेला कुकर शोधणं आलं. प्रत्येक घरात कोकणी तोंडं, रविवार म्हटला की जिन्यापर्यंत मसाल्याचा वास. घरोघर विचारणा झाली. बायका नुसत्या हसत. शेवटी प्रकाशची बायको म्हणाली, "शुभाताईंचा?" माझ्याकडे सगळ्यांनी अशा काही आदराने बघितलं, की जणू मी व्रतस्थ आहे. खरी गोष्ट अशी, की मला मटण करता येत नाही. शेजाऱ्यांकडून वाटी येते, ती मी खाते. माझ्या कुकरात जन्मभर वरणभात आणि बटाटे यांखेरीज काही शिजलंच नव्हतं.

त्या रविवारी सकाळपासून माझ्या दारात रांग लागली. प्रत्येकाच्या हातात डब्यात, वाटीत, कुणाच्या चहाच्या कपात माती. मी ओट्याशी उभी. खाली पाणी, वर डबा, शिट्ट्या. "किती शिट्ट्या ताई?" "तुरीपेक्षा जास्त." शिजलेल्या मातीला एक कोंदट, उबट वास येतो, तो सगळ्या मजल्यावर भरून राहिला. वरच्या मजल्यावरचे परबकाका जाता जाता आत डोकावले, झाकण काढलेल्या डब्याकडे बघितलं आणि म्हणाले, "नाचणीची उकड? वास बरोबर नाही आला गं." मी त्यांना चमचा देणार होते, पण आवरलं. ज्ञानाचा समाजाला असा थेट उपयोग व्हावा, असं मला नोकरीभर वाटत आलं होतं. तो माझ्या कुकरामुळे झाला, माझ्यामुळे नाही, हे मी मान्य करते.

तुळशीचं लग्न झालं आणि सामान हलायला लागलं. पेल्यातली डहाळी आता कुंडीत होती, नव्या मातीत, चार नवी पानं धरून. निघायच्या सकाळी मी ती आक्कांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेऊन बघितली.

"ही तीच काय?"

"तीच आक्का. तिच्यातूनच वाढत आलीय. दुसरं काही मिसळलेलं नाही."

त्यांनी पान हुंगलं आणि कुंडी मांडीवर घेतली. प्रकाशने माझ्याकडे बघून सुस्कारा टाकला. मला वाटलं, झालं, सुटलो. पण आक्का उठल्या नाहीत. चौकात वृंदावनाकडे बघत बसल्या. जुन्या तुळशीला अजून थोडी पिवळी पानं होती.

"हिचा काय करतलास?"

"ही मुळासकट काढून जाळावी लागेल, आक्का. दुपारी माणसं येतील."

"आज पाणी घालूक नाय मी तिका."

प्रकाश घड्याळ बघायला लागला. "आक्का, आता कशाला? दुपारी काढायचीच आहे ती. बाहेर टॅक्सी उभी आहे."

मी त्यांच्या बाजूला बसले. काहीतरी समजुतीचं बोलावं म्हणून म्हणाले, "आणि आता पाणी घातलं तरी तिला कितीसं पोचणार? तिच्या मुळांत ते जंत बसलेत ना. तिने ओढलेलं तेच खातात. इतकी वर्षं असंच चाललं होतं."

आक्का माझ्याकडे वळल्या. "म्हणजे मी रोज पाणी घातलंय, ता त्यांका पण गावला?"

"हो. बहुतेक जास्त त्यांनाच."

त्या पुन्हा वृंदावनाकडे बघायला लागल्या. मला वाटलं, मी शेवटच्या दिवशी त्यांचं मन मोडलं. असले शास्त्रीय खुलासे वेळ बघून टाळणं मला कधी जमलं नाही. प्रकाशने माझ्याकडे रागाने बघितलं.

"बरा झाला," आक्का म्हणाल्या. "उपाशी कोण रवला नाय."

मग त्यांनी कुंडी प्रकाशच्या हातात दिली, खुर्चीच्या हाताला धरून उठल्या आणि पदर खोचला. नळ चौकाच्या त्या टोकाला होता आणि त्यांच्याने आता भरलेली बादली उचलवत नव्हती. त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

त्या जंतांची उपासमार करण्यात मी सगळी नोकरी घालवली होती. मी बादली उचलली आणि काठोकाठ भरून आणली.